महागडा कॅमेरा घेतेस? मग जरा बस माझ्याजवळ

अगं, कॅमेरा तू घेणारच आहेस, तेव्हा "घेऊ नकोस" असं मी म्हणणारच नाही. घे की! व्हर्जिनियातल्या हर्नडन, स्टर्लिंग, अ‍ॅशबर्न या पट्ट्यात आपली इतकी मंडळी झाली आहेत की डोहाळजेवणं, बारशी, मुंजी, वास्तुशांती यांना तोटा नाही. आणि मातृभोजनाच्या वेळी लेन्स भटजींवर नको, आईच्या चेहऱ्यावर हवी, हे ज्याला सांगावं लागत नाही असा फोटोग्राफर लोकांना इथे शोधूनही मिळत नाही. तुझं काम चालेल, त्याची मला काळजी नाही.

मला काळजी आहे ती तुझ्या एका समजुतीची. तीन-चार हजार डॉलर मोजले की वस्तू बिनघोर झाली, असं तू त्या दिवशी किती सहज म्हणालीस! महागड्या कॅमेऱ्यांनाही खोडी असतात. कधी शटरची, कधी सेन्सरवरच्या काचेची, कधी नुसत्या एका स्क्रूची. मेगापिक्सेलचे तक्ते सगळ्याच कंपन्यांचे देखणे असतात, ते तू पाठ करून बसली आहेसच. मी म्हणते, त्याच्या शेजारी आणखी एक रकाना काढ: खोड निघाली तेव्हा ही कंपनी कशी वागली? किती दिवसांत कबूल झाली? पैसे कोणी भरले? हा इतिहास सगळा उघड आहे, फक्त दुकानातला माणूस तो आपणहून सांगत नाही.

निकॉनच्या डी६०० ची हकीकत ऐक, म्हणजे मला काय म्हणायचंय ते कळेल. सप्टेंबर २०१२ मध्ये तो आला. फुल फ्रेम सेन्सर, २४ मेगापिक्सेल आणि किंमत साधारण २,१०० डॉलर. त्या वर्गात तेव्हा हे स्वस्तच होतं. लोकांनी उड्या टाकल्या. थोड्याच दिवसांत फोटोंवर काळे ठिपके दिसायला लागले, बहुतेक वरच्या डाव्या भागात. आता सेन्सरवर धूळ बसते हे कोणीही सांगेल. लेन्स बदलताना उघड्यावर बदलली, वारा होता, बसली धूळ. पण इथे सेन्सर साफ करून आणला तरी काहीशे फोटो काढले की ठिपके त्याच कोपऱ्यात हजर! म्हणजे घाण बाहेरून येत नव्हती, कॅमेरा स्वतःच ती आत उडवत होता.

एकट्या ग्राहकाला हे कळत नाही गं. त्याला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. टेनेसीत लेन्सरेंटल्स नावाची कॅमेरे भाड्यानं देणारी कंपनी आहे, तिचे संस्थापक रॉजर सिकाला मूळचे डॉक्टर. त्यांच्याकडे एकाच मॉडेलचे ढीगभर नग येतात-जातात, प्रत्येक नग परत आला की तपासला जातो. त्यामुळे त्यांना नमुना दिसला आणि ऑक्टोबर २०१२ मध्येच त्यांनी तो जाहीरपणे मांडला. कंपनीचं पहिलं निवेदन यायला फेब्रुवारी २०१३ उजाडला. कॅमेरा चालताना आत धूळ तयार होऊ शकते हे त्यात मान्य होतं, पण उपाय काय? ब्लोअरनं उडवा, नाही गेली तर सर्व्हिसला आणा. ऑक्टोबर २०१३ मध्ये नवं शटर घालून डी६१० बाजारात आला. ज्यांनी वर्षभरापूर्वी पैसे मोजले होते, त्यांच्या हातात एक बदनाम झालेलं मॉडेल राहिलं. मग इकडे वकिलांनी सामूहिक दाव्यासाठी तक्रारी गोळा करायला सुरुवात केली, आणि २६ फेब्रुवारी २०१४ ला निकॉननं जाहीर केलं की वॉरंटी असो वा संपलेली असो, तपासणी, सफाई आणि शटर बदलणं सगळं फुकट. तरी पुढच्याच महिन्यात, १५ मार्चच्या ग्राहक हक्क दिनी, चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीनं हे प्रकरण देशभर दाखवलं आणि शांघायमध्ये त्या कॅमेऱ्याची विक्री थांबवायचे आदेश निघाले.

सतरा महिने गेले यात. शटर बिघडकं निघालं याचा मला राग नाही, माणसांनी बनवलेली वस्तू आहे, एखादा भाग फसतो. राग आहे तो मधल्या सतरा महिन्यांचा, आणि "ब्लोअर मारून बघा" या सल्ल्याचा.

म्हणून तुला पहिली गोष्ट सांगते: बाजारात आल्या-आल्या पहिल्या खेपेचा कॅमेरा घेऊ नकोस. सहा-आठ महिने थांब. तेवढ्यात भाड्यानं देणारे, लग्नं काढणारे, खेळ काढणारे असे सगळे मिळून त्याच्या खोडी बाहेर काढतात. अगदीच राहवत नसेल तर एका शनिवार-रविवारसाठी भाड्यानं आण.

आणि घेतलास की दुकानाची परतीची मुदत संपायच्या आत त्याला राबव. डब्यात ठेवून पूजा करू नकोस त्याची. हर्नडनच्या जुन्या रेल्वे स्टेशनापाशी तो लाल डबा उभा आहे ना, डब्ल्यू अँड ओडी ट्रेलच्या कडेला, तिथे जा. निरभ्र आकाशाकडे कॅमेरा धर, अ‍ॅपर्चर एफ १६ वर ने, फोकस मुद्दाम बिघडव आणि फोटो काढ. घरी मोठ्या पडद्यावर बघ, ठिपका असेल तर लपणार नाही. हीच तपासणी पाचशे फोटोंनंतर कर, हजारानंतर कर. लाल डब्याचा रंग कसा येतो तेही बघून घे, आपल्या शालूंना तोच रंग छळतो. मग एखाद्या दुपारी शँटिलीच्या उडवार-हेझी संग्रहालयात चक्कर मार. तिथलं ते काळंकुट्ट एसआर-७१ विमान म्हणजे फोकसची परीक्षाच, काळ्यावर काळं. त्याच्या मागे डिस्कव्हरी यान, पांढरं आणि काळं एकत्र. कमी उजेडात कॅमेरा कुठे चाचपडतो ते तिथे तासाभरात कळतं. दोन्ही कार्डांच्या खाचा वापर, सगळी बटणं दाब, बॅटरी पूर्ण संपेपर्यंत चालव. खोड असली तर ती आत्ताच निघू दे, परत देता येईल तेव्हा.

आता आमच्या जावईबापूंकडे वळते. त्यांना लायकाचं वेड लागलंय असं ऐकलं. वेड चांगलं आहे, पण त्यांना एम९ ची गोष्ट आधी सांग. ९ सप्टेंबर २००९ ला हा कॅमेरा आला, नऊ-नऊ-नऊ असा मुहूर्त साधून. अमेरिकेत नुसती बॉडी सात हजार डॉलरच्या आसपास. त्या जातीच्या कॅमेऱ्यात लेन्स सेन्सरच्या फार जवळ बसते, त्यामुळे कडेला प्रकाश तिरपा पडतो. सेन्सरवरची काच जाड असेल तर फोटोच्या कडा बिघडतात. म्हणून काच मुद्दाम पातळ ठेवली, आणि पातळ असूनही इन्फ्रारेड किरण अडवेल अशा जातीची निवडली. तिथेच घात झाला. ती काच ओलाव्याला नाजूक होती. काही वर्षांनी तिच्यावर गंज चढल्यासारखे डाग उमटायला लागले, भोवती पुसट वलय असलेले. ते पुसून जात नाहीत, कारण ते काचेवर बसलेले नसतात, काचच खराब झालेली असते.

२०१४ च्या अखेरीस लायकानं जे केलं त्याला मी मनापासून शाबासकी देते. एम९, एम९-पी, एम मोनोक्रोम आणि एम-ई, कुठल्याही वर्षी घेतलेला असो, डाग पडला असेल तर सेन्सर फुकट बदलून मिळेल असं त्यांनी जाहीर केलं. २०१५ मध्ये दुसऱ्या काचेचे सुधारलेले सेन्सर तयार झाले आणि ते बसवायला सुरुवात झाली. वाट बघावी लागली लोकांना, पण पैसे पडले नाहीत. इथवर सगळं छान. मग ऑगस्ट २०१७ मध्ये नियम बदलला: खरेदीला पाच वर्षं होऊन गेली असतील तर फुकट नाही, खर्चाचा वाटा मालकाचा.

मला हे पटत नाही, आणि का ते सांगते. हा डाग एका रात्रीत पडत नाही. एखाद्या कॅमेऱ्यावर तिसऱ्या वर्षी दिसतो, एखाद्यावर सातव्या. ज्यानं कॅमेरा जपून, कोरड्या कपाटात ठेवला त्याच्याकडे तो उशिरा दिसणार. म्हणजे जपणारा माणूस मुदतीबाहेर गेला आणि हयगय करणारा मुदतीत बसला! दोष तर कारखान्यातून निघालेल्या दिवसापासून त्या काचेत होता. जो दोष पहिल्या दिवसापासून आत आहे, त्याची जबाबदारी खरेदीच्या तारखेवरून मोजणं हा हिशेबच उलटा आहे. जुना एम९ आज कोणी स्वस्तात देऊ केला तर जावईबापूंना म्हणावं, आधी सेन्सर बदलल्याचा लायकाचा कागद मागा. कागद नसेल तर न्यू जर्सीतल्या कोलारी व्हिजनसारख्या ठिकाणी ती काच बदलून देतात, तो खर्च किमतीतून वजा करून मगच बोला.

ओलाव्याचं नाव निघालंच आहे तर बोलून घेते. "तुम्ही दमट हवेत ठेवलात" हे उत्तर तुला कधी ना कधी ऐकायला मिळणार. हर्नडनचा जुलै तुला माहीत आहे, मुंबईची आठवण यावी असा. आणि आपण दर दोन वर्षांनी कॅमेरा घेऊन पावसाळ्यात गावी जातो. पण जिथे जगातली इतकी माणसं राहतात, तिथली हवा ही ग्राहकाची चूक कशी होईल? ऑक्टोबर २००५ मधली एक गोष्ट यासाठी लक्षात ठेव. सोनीनं बनवलेल्या सीसीडी चिपांमध्ये आतल्या तारेचा जोड उष्ण आणि दमट हवेत सुटत होता. ती चिप एकट्या सोनीच्या कॅमेऱ्यांत नव्हती. कॅनन, निकॉन, फुजी, कोनिका मिनोल्टा यांच्या छोट्या कॅमेऱ्यांतही होती. पडदा काळा पडायचा किंवा चित्र वेडंवाकडं यायचं. त्या वेळी या कंपन्यांनी वॉरंटी संपलेले कॅमेरेसुद्धा फुकट दुरुस्त करून दिले. त्यात आपला रत्नागिरीचा जून हा गुन्हा ठरला नाही. साध्या, स्वस्त कॅमेऱ्याला जो न्याय मिळाला तो सात हजारांच्या कॅमेऱ्यालाही मिळायला हवा, एवढंच माझं म्हणणं.

तुझ्या बाजूनं जी काळजी घ्यायची ती मात्र घे. जानेवारीत बर्फात फोटो काढून आलीस की कॅमेरा बॅगेतच बंद राहू दे, बॅग घरात हळूहळू गरम होऊ दे, नाहीतर आत दव धरतं. ही चूक आपल्या माथी येते आणि तिथे कंपनीचं म्हणणं बरोबर असतं.

सर्व्हिसला काहीही पाठवण्याआधी त्याचे फोटो काढ. हसू नकोस! फोटोग्राफर बायका जगाचे फोटो काढतात, आपल्या लेन्सचे काढत नाहीत. मी एकदा एक लेन्स वॉरंटीत असताना पाठवली, कोणत्या कंपनीची ते राहू दे. तिकडून उत्तर आलं, "आपटल्याची खूण आहे, वॉरंटी लागू नाही", आणि खाली डोळे फिरतील असा आकडा. पाठवायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या बाजूंनी काढलेले फोटो मी तारखेसह परत पाठवले आणि विचारलं, खूण कुठे आहे ती दाखवा. चार दिवसांनी सूर बदलला, काम फुकट झालं. भांडण नाही, आवाज चढवणं नाही, फक्त फोटो आणि लेखी प्रश्न.

बरं, या कंपन्यांना कबूल करायला काय लावतं माहीत आहे? कॅननच्या ईओएस-१डी मार्क थ्री चं बघ. २००७ मध्ये आलेला, सेकंदाला दहा फोटो, साडेचार हजार डॉलर, खास खेळ काढणाऱ्यांसाठी. आणि भर उन्हात धावणाऱ्या खेळाडूवर त्याचा फोकस टिकेना! कॅनडाचे फोटोपत्रकार रॉब गॅलब्रेथ यांनी शेकडो फोटो काढून, पद्धतशीर पुरावा मांडला. कंपनीनं आधी मान्य केलं नाही, मग त्याच वर्षी सब-मिरर नावाच्या आतल्या छोट्या आरशाची जोडणी बदलून द्यायला सुरुवात केली. दुरुस्त होऊन निघालेल्या नव्या नगांच्या खोक्यावर एक निळा ठिपका लावलेला असायचा. दुकानात लोक खोकी उलटी-पालटी करून निळा ठिपका शोधायचे, भोगीला बाजारात वांगी निवडावीत तसे.

तू मिररलेस घेणार, त्यात आरसाच नाही, म्हणून हे सगळं जुनं झालं असं समजू नकोस. निकॉनचा झेड८ मे २०२३ मध्ये आला आणि उन्हाळा संपायच्या आत दोन सूचना निघाल्या. काही नगांना लेन्स नीट बसत नव्हती, काहींच्या पट्ट्याच्या कड्या सैल होण्याचा धोका होता. पण या वेळी तीच कंपनी आपणहून पुढे आली, सीरियल नंबर घालून तपासायची सोय केली, दुरुस्ती फुकट. सतरा महिन्यांवरून काही आठवड्यांवर. डी६०० नं त्यांना धडा दिला असेल, असं आपलं मला वाटतं. त्यामुळे निकॉन वाईट, अमकी चांगली, असं काही तुला सांगत नाही. कंपन्यांच्या वागण्यातही फरक पडतो, फक्त आपण विचारत राहावं लागतं.

सीरियल नंबरवरून आठवलं. एकदा तपासून "माझा नंबर यादीत नाही" म्हणून सुस्कारा सोडू नकोस. निकॉनच्याच डी७५० च्या शटरची यादी जुलै २०१५ मध्ये निघाली, फेब्रुवारी २०१६ मध्ये वाढली आणि जुलै २०१७ मध्ये पुन्हा वाढली. पहिल्या यादीत ज्यांचा नंबर नव्हता त्यांतले काही नंतरच्या यादीत आले. दर सहा महिन्यांनी कंपनीच्या सूचनांवर नजर टाकायची, दिवाळीची साफसफाई करताना आठवण ठेव. आणि कॅमेरा घेतल्या दिवशीच कंपनीकडे नोंदणी कर, म्हणजे सूचना तुला घरी येईल. जाहिरातींच्या मेलचा त्रास होतो, होऊ दे.

शटर अमुक लाख फोटो टिकेल असं पत्रकात लिहितात, त्यावर फार विसंबू नकोस. सोनीच्या ए७ थ्री ला २ लाखांचा आकडा दिलेला आहे. २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल कोर्टात जो दावा दाखल झाला त्यात मालकांचं म्हणणं होतं की शटर त्याच्या कितीतरी आधीच बंद पडतंय. पत्रकातला आकडा चाचणीतला असतो, वॉरंटीतला नसतो. दुकानात सरळ विचार: "इतक्या आधी गेलं तर बदलून द्याल का?" उत्तर लेखी देतात का ते बघ.

आता दुरुस्ती कोण करणार, हा प्रश्न. इथे लोक फार उशिरा जागे होतात. निकॉननं २०१२ मध्ये अमेरिकेतल्या स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांना सुटे भाग विकणं बंद केलं. जे थोडे अधिकृत दुकानदार उरले होते त्यांचाही करार ३१ मार्च २०२० ला संपवला. म्हणजे गावातला वीस वर्षं अनुभव असलेला कारागीर हात असून रिकामा, आणि तुझी वस्तू पार्सल करून कंपनीकडेच पाठवायची, त्यांनी सांगितलेल्या भावानं, त्यांनी सांगितलेल्या वेळेत. वस्तू बनवणाराच एकटा दुरुस्त करणारा असेल तर खोडीची वाच्यता होणार कशी, तूच सांग. यावर कायदे आता कुठे यायला लागलेत. कॅलिफोर्नियाचा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू झाला. १०० डॉलर किंवा त्याहून महाग इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे सुटे भाग आणि माहिती, शेवटचा नग बनल्यापासून सात वर्षं उपलब्ध ठेवायची. आपण व्हर्जिनियाकरांनी आपल्या प्रतिनिधीला या विषयावर दोन ओळी लिहायला काय हरकत आहे? मी लिहिल्या आहेत. कॅननचा मोठा कारखाना आपल्याच राज्यात न्यूपोर्ट न्यूजला आहे, १९८५ पासून. तेव्हा हा विषय आपल्याला लांबचा नाही.

तोवर हातात जे आहे ते वापर. १९७५ चा मॅग्नसन-मॉस वॉरंटी कायदा अजून भक्कम उभा आहे. लेखी वॉरंटी देणाऱ्या कंपनीला "आमचेच सुटे भाग वापरा, आमच्याकडेच दुरुस्त करा, नाहीतर वॉरंटी बाद" अशी अट घालता येत नाही, ती सेवा फुकट देत असतील तर गोष्ट वेगळी. "हे स्टिकर काढल्यास वॉरंटी रद्द" असल्या चिकटपट्ट्यांवरून एप्रिल २०१८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं सहा मोठ्या कंपन्यांना ताकीद दिली होती. त्या कमिशनची इमारत कुठे आहे माहीत आहे? आपल्या हर्नडनहून सिल्व्हर लाईननं फेडरल ट्रँगलला उतरायचं आणि थोडं चालायचं. तक्रार घरबसल्या करता येते म्हणा, पण एवढी मोठी संस्था दाराशी असताना आपण "जाऊ दे" म्हणतो, हे मला खटकतं.

त्याच्या आधीच्या पायऱ्या अशा. पहिलं कंपनीला लेखी कळवायचं, फोनवर नाही. तारीख, सीरियल नंबर, शटर काउंट, दोन नमुना फोटो, आणि तुला काय हवंय ते एका ओळीत: दुरुस्ती, बदली की पैसे परत. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर फेअरफॅक्स काउंटीच्या ग्राहक विभागाकडे जा. आपलं गाव त्या काउंटीतच येतं आणि ते लोक मध्यस्थी फुकट करतात. तेवढ्यानं भागलं नाही तर स्मॉल क्लेम्स कोर्ट. व्हर्जिनियात तिथे ५,००० डॉलरपर्यंतचा दावा चालतो आणि दोन्ही बाजूंना वकील उभा करता येत नाही. तुझ्यासारख्या मुद्देसूद बोलणारीला याहून चांगली जागा नाही. क्रेडिट कार्डानं घे, काही कार्डं कंपनीच्या वॉरंटीवर आणखी एक वर्ष देतात, तुझ्या कार्डाचे नियम आधी वाचून ठेव.

ग्रे मार्केटचा मोह टाळ. दोन-तीनशे डॉलर वाचतात, पण दुसऱ्या देशासाठीचा नग असेल तर इथली वॉरंटी नाही, आणि निकॉनसारखी कंपनी तर पैसे दिले तरी तो इथे दुरुस्तीला घेत नाही. आणि हेच उलट बाजूनंही आहे बरं का. पुण्याच्या दादासाठी ब्लॅक फ्रायडेला बॉडी घेऊन पाठवायचा तुझा बेत आहे ना, तो सोड. बॉडीची वॉरंटी बहुधा ज्या देशात घेतली तिथलीच असते. तिकडे बिघडली तर दादा कोणाच्या दारात जाणार? त्याला म्हणावं, तिथेच पक्क्या बिलानं घे. भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं उत्पादकाचं दायित्व स्पष्ट लिहिलंय, त्यात बनावटीतला दोष, रचनेतला दोष, पुरेशी सूचना न देणं हे सगळं येतं. तो पोटापाण्यासाठी फोटो काढत असला तरी, स्वयंरोजगार म्हणून तो ग्राहकच ठरतो. आणि तिकडे मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून हेच काम करत आली आहे, माणसं एकत्र आणायचं. आपल्या आईच्या पिढीनं हे सगळं तेव्हा केलं, ते काही इंटरनेटच्या जोरावर नाही.

एक कटू गोष्ट राहिली, ती मुद्दाम शेवटाकडे ठेवली. वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरांत एक कलम असतं: वस्तू बंद पडल्यामुळे तुमचं जे पुढचं नुकसान होईल त्याला आम्ही जबाबदार नाही. कंपनी फार तर शटर बदलून देईल. ज्या मुलाच्या मुंजीत ते शटर अडकलं, त्याच्या आईला तू काय देशील? मंगलाष्टकं पुन्हा म्हणा असं सांगता येत नाही. ती जबाबदारी निर्माता घेत नाही, ती तुझ्यावर येते. म्हणून एका बॉडीवर कार्य स्वीकारू नकोस, कितीही भारी असली तरी. दुसरी बॉडी जुनी चालेल, अर्ध्या किमतीची चालेल, कंपनीनंच दुरुस्त करून विकलेली तर उत्तम; फक्त कार्याला नेण्याआधी तुझ्या हाताखाली नीट राबलेली हवी. दोन कार्डांवर एकाच वेळी फोटो जातील अशी सोय असलेलीच घे. आणि गिऱ्हाइकाशी जो कागद करशील त्यात, उपकरण बिघडल्यास किती पैसे परत, हे आधीच लिही. लाजू नकोस, आपल्याच माणसांशी कागद करायला आपल्याला फार संकोच वाटतो, आणि पुढे बोलणं बंद होतं ते त्याच संकोचामुळे.

तेव्हा हा महिना नवी बॉडी राहू दे. मे मध्ये तू मुंजीचं काम घेतलं आहेस ना, त्यासाठी आधी दुसरी, जुनी बॉडी ठरव. आत्ता वापरतेस त्या कॅमेऱ्याचा सीरियल नंबर, बिल आणि खोकं एका जागी ठेव, आणि कंपनीला काही लिहायची वेळ आली तर मसुदा आधी मला दाखव.